शेवटच्या टाकीतली बुळबुळ

लग्नकार्यात कुणी विचारलं, की मी "केमिकल कंपनीत आहे" एवढं सांगून मोकळी व्हायचे. अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करणारं माणूस आमच्याकडे घरटी एखादं निघतंच, त्यामुळे पुढं कुणी खोलात जायचं नाही. आई मात्र सोडायची नाही. बदलापूरजवळच्या सोनिवलीतल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. एवढं शिकून पोर करते तरी काय, हे तिला कळायला हवं होतं. म्हणून एकदा तिला नीट समजावून सांगितलं. कारखान्यातून घाण पाणी निघतं. ते नाल्यात सोडण्याआधी स्वच्छ करावं लागतं. ते काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात, ती घाण त्यांचं जेवण असतं. आणि त्या जिवाणूंना जगवणं ही माझी नोकरी.

भाकरी थापता थापता आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिसत नाय, तं मेलं का जितं हायेत, तुला कसं कलतं?"

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तर कसं कळतं, ते आधी सांगते. आमच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या पलीकडे, सांडपाण्याच्या टाक्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी ती एरेशन टाकी. तिच्या तळातून चोवीस तास हवा सोडलेली, त्यामुळे पाणी सतत खदखदत असायचं. रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. हा रंग गाळाचा, आणि तो गाळ म्हणजेच जिवाणूंचे पुंजके. त्याच्या एका चमच्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून जेवढी माणसं राहतात त्याच्या कितीतरी पट जीव असतात. सकाळी गेल्या गेल्या मी एका उंच काचेच्या भांड्यात ते पाणी भरून ठेवायची. तब्येत ठीक असेल तर गाळ अर्ध्या तासात शहाण्यासारखा खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. तब्येत बिघडली की गाळ तरंगतो, पाणी गढूळ राहतं.

मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. तिथं जिवाणूंपेक्षा मोठे, जिवाणूंवरच जगणारे जीव दिसतात. त्यातला माझा सर्वांत लाडका म्हणजे वोर्टिसेला. देठावर उभी असलेली घंटेच्या आकाराची फुलं असावीत तसा. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि फूल मिटतं, थोड्या वेळानं पुन्हा उघडतं. ही फुलं उघडी दिसली की मी निवांत चहा घ्यायची.

माणसं जिवाणू म्हटलं की रोगच आठवतात. मला याचा राग येतो. पृथ्वीवरच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो सूक्ष्मजीवांनी. मेलेलं पान, मेलेलं जनावर मातीत मिसळतं ते त्यांच्यामुळे. रोग करणारे त्यांच्यातले अगदी थोडे. बाकीचे आपापलं काम करत असतात, आणि त्यांनी काम बंद केलं तर काय होतं ते मी एकदा स्वतः पाहिलं आहे. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

माझ्या निवृत्तीला काही वर्षं राहिली होती. आमचे मालक हरीश शेठ, उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पात राहणारे, वडिलांनी काढलेला कारखाना पुढं चालवणारे. त्यांना एक नवी ऑर्डर मिळाली, रंगाला लागणारा एक कच्चा माल बनवायची. या मालातून जे सांडपाणी निघायचं त्यात अमोनिया भरपूर. अमोनिया नाल्यात गेला तर मासे मरतात, पाणी सडतं. तो संपवणारे जिवाणू आमच्या टाकीत होते, पण ते फार नाजूक आणि फार सावकाश वाढणारे. आपल्या पोटातले जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. यांना एक दिवस लागतो, कधी जास्तही. म्हणून मी नव्या पाण्याचा भार थोडा थोडा करत वाढवला. अडीच-तीन महिन्यांत टाकी ते पाणी पचवायला लागली. मी स्वतःवर खूश होते.

आणि एका सोमवारी सकाळी गेले तर टाकीवर पांढरा फेस. साबणाच्या पाण्यासारखा, कठड्याच्या वर चढलेला. आमचा ऑपरेटर गणपत कठड्याशी उभा होता. गणपत पालेगावचा, माझ्या इतकीच वर्षं त्या टाक्यांवर काढलेला माणूस.

"मॅडम, वासच नाय येत," तो म्हणाला. "रोजचा वास गेला."

काचेच्या भांड्यातलं पाणी अर्ध्या तासानंतरही ताकासारखं गढूळ होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. देठ होते, वरची फुलं गळून गेली होती. काहीच हलत नव्हतं. मी तीन वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी पाहिलं. तीनही थेंब सारखेच. अमोनियाच्या तपासणीत नळीतलं पाणी फिकं पिवळं यायला हवं, ते विटेसारखं तांबूस आलं. म्हणजे अमोनिया जसा आत येत होता तसाच बाहेर जात होता.

मी पहिलं काम केलं ते बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचं. कच्चं पाणी साठवायच्या टाकीत जेमतेम आठवड्याभराची जागा होती. पण त्याआधी, रविवारी, जे जायचं ते गेलं होतं, आणि प्रदूषण मंडळाच्या माणसांनी नाल्यातून नमुना घेतला होता. बुधवारी नोटीस आली. ठरावीक मुदतीत पाणी सुधारलं नाही तर कारखाना बंद.

हरीश शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी, शेठ आणि प्रॉडक्शन मॅनेजर कुलकर्णी. कुलकर्णी बदलापूरला राहणारे, हुशार, कामाचे पक्के. त्यांचा आणि माझा वाद कधी संपायचा नाही, कारण त्यांना माल बाहेर काढायचा असायचा आणि मला पाणी.

"माझ्या प्लांटमधून काहीही वेगळं सुटलेलं नाही," कुलकर्णी म्हणाले. "तुमच्या टाकीलाच भार झेपेना, म्हणून ती बसली."

"झेपत होता. शुक्रवारपर्यंत नीट चालली होती."

"मग आता उपाय काय ते बोला. ऑफिसर पुन्हा यायच्या आधी दोन-चार टँकर गोडं पाणी सोडू बाहेरच्या लाइनीत. नमुना पास होईल, तोवर तुमची टाकी सुधारेल."

हे सगळीकडे चालतं हे मलाही माहीत होतं. घाण तेवढीच राहते, फक्त पातळ होते. मी म्हटलं, "तसं करायचं असेल तर अहवालावर माझी सही मिळणार नाही."

हरीश शेठनी हातातली नोटीस टेबलावर ठेवली. "मॅडम, वो सब ठीक आहे," ते म्हणाले, "पण साठ लोक आहेत माझ्याकडे. त्यांना मी काय बोलू? बॅक्टेरिया मर गये म्हणून उद्यापासून येऊ नका?"

मी एवढंच म्हटलं, की मला आधी ते कशानं मेले हे शोधू द्या.

दुसऱ्याच दिवशी एक सेल्समन हजर. त्याला आमच्या नोटिशीचा सुगावा कुठून लागला कोण जाणे. चकचकीत पाकिटं, आत परदेशी जिवाणूंची पावडर. "टाकीत टाका, आठवड्यात रिझल्ट," असं त्याचं म्हणणं. मी त्याला विचारलं, "विष टाकीत कुठून येतंय ते कळलं नसताना तुमचे परदेशी पाहुणे टाकले, तर ते जगतील का?" तो हसला आणि पाकिटं ठेवून गेला. शेठचा हात दोनदा फोनकडे गेलेला मी पाहिला. त्यांनी ऑर्डर दिली नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

मी रिक्षा करून उल्हासनगरच्या बाजारात गेले आणि माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून हवा सोडायचे सहा छोटे पंप घेतले.

"मछली कौनसी रखोगे मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"मासे नाही. त्याच्याहून बारीक."

"गप्पी?"

"अजून बारीक," मी म्हटलं. तो पंप बांधता बांधता माझ्याकडे बघत राहिला.

शेजारच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या बाईंकडून मी दोन कॅन जिवंत गाळ मागून आणला. सहा बरण्यांत तो सारखा वाटला, प्रत्येकीत पंपाची नळी सोडली. मग आमच्या कारखान्यातून टाकीकडे येणारी प्रत्येक लाइन शोधली. नव्या मालाची, जुन्या मालाची, कॅन्टीनची, लॅबची आणि कूलिंग टॉवरची. प्रत्येक लाइनीचं पाणी एकेका बरणीत. सहाव्या बरणीत नुसतं नळाचं पाणी, तुलनेसाठी. कुलकर्णी दारात उभे राहून बघत होते. त्यांना खात्री होती की आळ शेवटी नव्या मालावर येणार, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

संध्याकाळी तपासणी केली. पद्धत साधी आहे. पंप बंद करायचा आणि पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरकडे बघत बसायचं. जिवाणू जिवंत असतील तर ते श्वास घेत राहतात आणि मीटरवरचा आकडा भराभर उतरतो. जुन्या मालाची बरणी, उतरला. नव्या मालाची बरणी, सावकाश पण उतरला. कॅन्टीनच्या बरणीत तर मेजवानीच, धाडकन उतरला. लॅबची बरणी, उतरला. कूलिंग टॉवरच्या बरणीत मीटर बुडवला. आकडा हलेना. मी मीटर काढून पुसला, पुन्हा बुडवला. कुलकर्णी जवळ आले आणि माझ्या खांद्यावरून बघू लागले.

"बिघडला का मीटर?"

मी तो नळाच्या पाण्याच्या बरणीत बुडवला. आकडा उतरला.

कुलकर्णींचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कूलिंग टॉवर म्हणजे यंत्रांचं गरम पाणी थंड करायचा मनोरा, कुलकर्णींच्याच खात्यातला. त्यात शेवाळ धरतं, म्हणून औषध टाकतात. ते काम त्या महिन्यापासून नव्या कंत्राटदाराकडे गेलं होतं. त्यानं जास्त जहाल औषध वापरलं, आणि रविवारी मनोऱ्याची खालची टाकी धुऊन सगळं पाणी थेट आमच्या लाइनीत सोडलं. त्यानं नेमलेलं काम चोख केलं होतं. सूक्ष्म जीव मारायचे होते, त्यानं मारले. ते पाणी पुढं कुणाच्या पोटात जातं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे माझ्या डोक्यात आलंच नाही," कुलकर्णी म्हणाले.

"माझ्याही," मी म्हटलं. आणि हे खरं होतं.

हरीश शेठना मी लॅबमध्ये बोलावलं. इतक्या वर्षांत ते सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावून बसले नव्हते. आधी चांगल्या बरणीतला थेंब दाखवला. त्यांनी चष्मा काढला, डोळा मिटला, उघडला, आणि एकदम मागं सरले.

"अरे! हे तर हिलते!"

"वोर्टिसेला. पुन्हा बघा, आता उघडेल."

ते बराच वेळ बघत राहिले. मग मी काच बदलली आणि कूलिंग टॉवरच्या बरणीतला थेंब ठेवला. ते वाट बघत होते, काही हलेल म्हणून. शेवटी मान वर केली.

"पूरी टाकी अशी आहे?"

"हो."

ते हात पुसत उभे राहिले. "टाकी सावरेपर्यंत नवा माल बंद करतो. मंडळाला मी स्वतः जाऊन सांगतो काय झालं ते. लोकांना रंगकामाला, साफसफाईला लावू. पण मॅडम, कितने दिन?"

"ते मला सांगता येणार नाही. घाई केली तर पुन्हा मरतील."

"ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांनी खरंच मंडळात जाऊन सगळं सांगितलं. मुदत वाढवून मिळाली, पण बेताचीच.

आता शेवटच्या टाकीबद्दल सांगायला हवं. एरेशन टाकीनंतर पाणी नितळून एका लहान टाकीत यायचं. तिच्यात प्लॅस्टिकच्या जाळीदार चकत्या भरलेल्या होत्या. उरलासुरला अमोनिया तिथं संपायचा. चकत्यांवर वर्षानुवर्षांची तपकिरी बुळबुळ जमलेली. बघणाऱ्याला किळस यावी अशी. ऑफिसर येणार म्हणून कारखाना आवरायचं चाललं होतं. एका सकाळी मी पोचले तर गणपत जोराच्या पाण्याचा पाइप घेऊन त्या चकत्या धुवायला उभा. पहिल्या काही चकत्या पांढऱ्याशुभ्र झालेल्या. मी धावत जाऊन नळ बंद केला.

"कुलकर्णी साहेब बोलले, घान दिसतंय सगलं," गणपत म्हणाला.

"अरे, तेवढंच उरलंय आपल्याकडे!"

उरलं होतं का, हे मला खात्रीनं माहीत नव्हतं. पण अशा बुळबुळीत जिवाणू थरावर थर रचून राहतात, स्वतःच बनवलेल्या चिकट आवरणात. विष आलं की वरचे थर मरतात आणि आतले वाचतात. एक चकती मी बरणीत टाकली, थोडा अमोनिया घातला, पंप लावला. दुसऱ्या दिवशी अमोनियाचा तांबूस रंग फिकट झाला होता. मी गणपतला हाक मारून नळी दाखवली. त्यानं पाइप गुंडाळून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आता हित कोन हात लावतो तेच बगतो."

मग आमचं बाळंतपण सुरू झालं. शेजारच्या कारखान्यातून एक टँकर गाळ आणला. मोठ्या टाकीत कॅन्टीनचं पाणी, गूळ, थोडा युरिया. शेवटच्या टाकीतलं पाणी उलटं मोठ्या टाकीत फिरवायला पंप बसवला, म्हणजे तिथले वाचलेले जीव इकडे येतील. रोज सकाळी तपासण्या. अमोनिया संपवायचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी त्याचा एक मधला पदार्थ होतो, नायट्राइट. मग त्याचा नायट्रेट होतो, तो तितका त्रासदायक नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की हे दोन टप्पे दोन वेगवेगळ्या जातींचे जिवाणू करतात. पहिला अर्धं काम करून सोडतो, दुसरा तिथून उचलतो. एकटा कुणीच सगळं करत नाही. शंभराहून जास्त वर्षं हे असंच पक्कं होतं, आणि नव्या मुलांना मीही असंच शिकवत आले.

मधला पदार्थ असला की तपासणीत पाणी गुलाबी होतं. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या टाकीचं पाणी नळीत गुलाबी झालं, आणि मी कुलकर्णींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "गुलाबी म्हणजे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "निम्मं चांगलं." पुढं गुलाबी गडद होत गेला आणि मग हळूहळू विरला. म्हणजे दुसरे कामगारही रुजू झाले.

पण शेवटच्या टाकीत मात्र गुलाबी कधी आलाच नाही. अमोनिया कमी होत होता, नायट्रेट वाढत होता, आणि मधला पदार्थ जवळपास नाहीच. मी रसायनं बदलून पाहिली, नवी बाटली फोडली. तेच. सवड नव्हती, म्हणून मी तो विचार बाजूला ठेवला.

मुदत संपायच्या आधी मंडळाचे अधिकारी आले. त्यांनी कुठूनही नमुना घ्यावा म्हणून शेठनी सगळी झाकणं उघडून ठेवली होती. एकाही टँकरचं पाणी मिसळलेलं नव्हतं. अहवाल आला, पास. शेठनी सगळ्या कारखान्याला जिलबी वाटली. गणपतनं जिलबीचा एक तुकडा टाकीत टाकला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. साखर त्यांना चालते.

या प्रकरणानं एमआयडीसीत माझं नाव झालं, आणि नाव झालं की गिऱ्हाइकं येतात. उल्हासनगरचे एक जीन्स धुणारे गृहस्थ आले. "मॅडम, वो कीडा द्या ना, जो निळा रंग खातो. एक डब्बा पुरेल." मी त्यांना सांगितलं की असा डबा नसतो, टाकी बांधावी लागते, हवा द्यावी लागते, रोज बघावं लागतं. ते निराश झाले. मग मी विचारलं, जीन्स मऊ आणि फिकी करायला तुम्ही काय वापरता? पूर्वी दगड घालून धुवायचे, आता एन्झाइम, ते म्हणाले. मी म्हटलं, ते एन्झाइम बुरशी बनवते. तुमचा धंदा सूक्ष्मजीवांवरच चाललाय, थोडी परतफेड करा. पुढच्या वर्षी त्यांनी दोन शेजाऱ्यांबरोबर मिळून खरंच एक टाकी बांधली.

आणि आली ती तन्वी. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करणारी, पाठीवर थर्मासची पेटी. वेगवेगळ्या ठिकाणचा गाळ गोळा करून त्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचायचा हे तिचं काम. आमच्या काळी जिवाणू ओळखायचा तर तो आधी काचेच्या बशीत वाढवावा लागायचा, आणि बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत. म्हणजे जगातली बहुतांश वस्ती आम्हाला न भेटताच राहिली होती. आता गाळातला सगळा डीएनए एकत्र वाचतात आणि कोण कोण राहतं, काय काय करू शकतं, ते सांगतात. मी तिला मोठ्या टाकीचा नमुना दिला आणि म्हटलं, शेवटच्या टाकीतली एक चकतीही घेऊन जा. तिथं गुलाबी का येत नाही ते सांग.

काही महिन्यांनी तिचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या चकतीवर एक आहे, जो दोन्ही टप्पे एकटाच करतो. त्याच्या डीएनएत दोन्ही कामांची अवजारं आहेत."

"असा कुणी नसतो, बाळा. आम्ही शिकलोय."

"आहे, मॅडम. जगात काही वर्षांपूर्वीच सापडलाय. नळाच्या पाण्याच्या गाळण्यांत, मातीत, सांडपाण्यातही. जिथं अमोनिया थोडाच मिळतो तिथं तो काटकसरीनं राहतो. तुमची शेवटची टाकी त्याला अगदी योग्य आहे. त्याच्याबरोबर तुमचे जुने दोघेही आहेत, त्यामुळे गुलाबी न येण्याचं श्रेय सगळं त्यालाच देता येणार नाही. पण तो आहे."

फोन ठेवून मी शेवटच्या टाकीपाशी गेले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. मला आनंद इतका झाला होता की तो कुणाला सांगावा कळेना. पुस्तकातलं एवढं जुनं वाक्य चुकीचं निघालं होतं आणि त्याचा पुरावा आमच्या अंबरनाथच्या चकतीवर होता. हळहळही वाटली, तीही सांगते. तो माझ्यासमोर किती वर्षं काम करत होता कोण जाणे. मी रोज त्याच्या शेजारून जायची, त्याचं पाणी तपासायची. तो ओळखायचं साधन माझ्या हाती नव्हतं. पंचवीस वर्षं उशिरा जन्मले असते तर पाठीवर पेटी घेऊन मीच फिरले असते.

निवृत्तीनंतर घरी बसायचं ठरवलं होतं, पण सोनिवलीतूनच बोलावणं आलं. आमच्या बाबांच्या भातशेतीच्या शेजारी, आणि काही त्याच शेतावर, आता मोठी सोसायटी उभी आहे. तिच्या आवारात सांडपाणी शुद्ध करायची टाकी होती आणि तिचा वास पाचव्या मजल्यापर्यंत जायचा. सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांनी टाकी बंद करून पाणी सरळ नाल्यात सोडायचा ठराव मांडला होता. तो नाला पुढं आमच्या भाऊबंदांच्या भाजीच्या वाफ्यांना लागतो. मी सभेत जाऊन एक महिना मागून घेतला.

"महिनाभर हा वास आम्ही सहन करायचा?" जोगळेकर म्हणाले. "तुम्ही राहता का इथं?"

"पलीकडच्या गल्लीत जन्मलेय."

सभेत कुणीतरी हसलं आणि महिना मंजूर झाला.

कारण शोधायला या वेळी बरण्या लागल्या नाहीत. वास येतो म्हणून सोसायटीचा सफाई कंत्राटदार रोज टाकीत डबेच्या डबे फिनाईल ओतत होता. जिवाणू त्यानंच मरत होते आणि मेल्यामुळे वास आणखी वाढत होता. ते थांबवलं. मग हरीश शेठना फोन केला, एक टँकर गाळ द्याल का? कारखान्याचा गाळ सोसायटीत न्यायचा म्हणून आधी त्याच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, मंडळाला कळवलं. शेठ म्हणाले, "विचारता काय मॅडम, आपके ही तो बच्चे हैं." टँकरबरोबर गणपत आला, आणि मांडीवर पिशवीत चकत्या घेऊन आला.

टाकीला पंधरा-वीस दिवस लागले. एका रविवारी मी सूक्ष्मदर्शक सोसायटीच्या बागेत मांडला. रांग लागली. जोगळेकर सर्वांत शेवटी आले, बघितलं, आणि पुन्हा रांगेत मागं जाऊन उभे राहिले. ठराव त्यांनीच मागं घेतला. आता ते रोज सकाळी काचेचं भांडं घेऊन टाकीपाशी अर्धा तास बसतात आणि गाळ किती बसला त्याचा फोटो मला पाठवतात. माझ्याच्यानं कधी इतकी शिस्त पाळली गेली नव्हती.

गेल्या महिन्यात पालेगावच्या एका नव्या सोसायटीची माणसं आली. त्यांची टाकी नुकतीच सुरू व्हायची होती आणि त्यांना सुरुवातीचा गाळ हवा होता. मी त्यांना जोगळेकरांकडे पाठवलं आणि स्वतः बागेत सूक्ष्मदर्शक मांडून मागं बाकावर बसून राहिले.

"टँकर एकच मिळेल," जोगळेकर त्यांना सांगत होते. "आणि आधी मला तुमचा सफाई कंत्राटदार भेटायला हवा. तुमच्याकडे फिनाईल कुठं ठेवतात?"

पालेगावचा माणूस गडबडला. "अहो काका, गाळच तर आहे."

जोगळेकरांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला.

"या इकडे," ते त्याचा दंड धरून म्हणाले आणि त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "आधी यांना भेटा. मग टँकरचं बोलू."